दिवसाला किती?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात धूम्रपानाबद्दल पत्रं मागवली होती. वाटलं होतं, सगळे ‘सोडायची कशी’ एवढंच विचारतील. पण ‘अमुकच माणूस इतकी का ओढतो’ असं विचारणारी पत्रं निम्म्याहून जास्त निघाली. त्यातली काही इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

समाजशास्त्राच्या एम.ए.साठी प्रकल्प करते आहे. शिक्षण, वय आणि उत्पन्न यांचा धूम्रपानाच्या प्रमाणाशी काय संबंध आहे, हे कोल्हापूर शहरातल्या २०० प्रौढांना प्रश्नावली देऊन पाहायचं आहे. प्रश्नावली सोबत जोडली आहे. काही चुकत असेल तर सांगा. — विद्यार्थिनी, राजारामपुरी

प्रश्नावली पाहिली. प्रश्नांच्या आधी आकड्याचं बोलू, कारण प्रकल्प तिथेच अडकणार आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात (त्याला ‘गॅट्स’ म्हणतात) महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे ३.८ टक्के लोक ओढणारे निघाले. पुरुषांत ६.० टक्के, बायकांत १.४. या हिशेबाने तुमच्या २०० जणांत ओढणारे सात-आठच भेटतील. त्यांचे शिक्षणाचे चार आणि वयाचे पाच गट पाडलेत तर वीस चौकटी होतात आणि एकेका चौकटीत अर्धा माणूससुद्धा येत नाही. नुसते पुरुष घेतले तरी १०० ओढणारे मिळवायला साडेसोळाशेच्या वर दारं ठोठावावी लागतील.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, विषयात ‘धूम्रपान’ऐवजी ‘तंबाखू’ घ्या. त्याच सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे होते, पुरुषांत ३५.५ टक्के. म्हणजे २०० पुरुषांमागे सत्तरेक जण मिळतात, तेवढ्यावर काम होतं. दुसरी, धूम्रपानच ठेवायचं असेल तर सगळं शहर सोडा आणि एकच कामगारवर्ग धरा. एखाद्या कारखान्याचा हजेरीपट घ्या आणि त्यातले सगळे विचारा.

टपरीसमोर उभं राहून ओढणारे गाठायचा मोह होईल. तो टाळा. दिवसातून दहा वेळा येणारा माणूस तुम्हाला भेटण्याची शक्यता एकदाच येणाऱ्याच्या दहापट असते. त्यामुळे सरासरी फुगते आणि ‘कोल्हापूरकर भलतेच ओढतात’ असा निष्कर्ष निघतो. टपरीवरच जायचं असेल तर प्रत्येकाला ‘दिवसातून इथे किती वेळा येता?’ हे विचारा आणि हिशेबात त्या आकड्याने भागून वजन द्या. दहा वेळा येणाऱ्याचं वजन एक दशांश.

आता प्रश्नांकडे. तुमचा आठवा प्रश्न आहे, ‘आपण दिवसाला किती सिगारेट ओढता?’ पर्याय १ ते ५, ६ ते १०, ११ ते २०. विडी ओढणारा यावर ‘शून्य’ लिहील आणि ते खरंच असेल. विडी आणि सिगारेट वेगळी विचारा. पर्याय देऊ नका, आकडा लिहून घ्या. तरी लोक ५, १०, २० असे गोल आकडे सांगतात. त्यावर उपाय म्हणजे कालचा दिवस चालत नेणं: काल उठल्यावर किती? संडासला जाताना? चहाबरोबर? कामावर पोचेपर्यंत? दुपारच्या डब्यानंतर? घरी परतताना? जेवल्यावर? प्रत्येक टप्प्याचा आकडा लिहा आणि बेरीज तुम्ही करा. ‘दहा’ म्हणणाऱ्याची बेरीज बऱ्याचदा चौदा-पंधरावर जाते. तो खोटं बोलत नसतो, संडासातली आणि वाटेवरची त्याच्या मोजणीतच नसते. काल कामाचा दिवस होता की सुट्टीचा, हेही टिपा. विडीवाल्याला ‘बंडल किती दिवस पुरतं, आणि त्यातल्या दुसऱ्यांना किती देता?’ असं विचारलंत तर पडताळा होतो. बंडलात किती विड्या आहेत ते मात्र हातात घेऊन मोजा, सगळी बंडलं सारखी नसतात.

बायको किंवा मुलगा ऐकत असेल तर आकडा खाली येतो. उंबऱ्याबाहेर येऊन विचारा.

तंबाखू, मावा, मिसरी यांचा प्रश्न वेगळा हवाच. दिवसभर गालात मावा धरून संध्याकाळी तीन सिगारेटी ओढणारा तुमच्या तक्त्यात ‘कमी ओढणारा’ म्हणून बसेल. निकोटिनच्या हिशेबात तो तसा नसतो.

विश्लेषण करताना ‘ओढतो की नाही’ आणि ‘ओढणारा किती ओढतो’ हे दोन प्रश्न एका तक्त्यात कालवू नका. बाई की पुरुष, घरात वडील ओढायचे का, शिक्षण किती, यांचा जोर पहिल्या प्रश्नावर मोठा असतो. दुसऱ्यावर जोर कितव्या वर्षी सुरुवात केली, विडी की सिगारेट, कामात उठून बाहेर जायची मुभा किती आणि खिशात रोज किती सुटे पैसे असतात यांचा. शून्यवाल्यांना धरून सरासरी काढलीत की दोन्ही उत्तरं हरवतात. ओढणाऱ्यांचीच काढा, आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा. दिवसाला ६० ओढणारे दोघे असले तरी सरासरी कुठल्या कुठे जाते.

शिक्षणाबद्दल एक सावधगिरी. आज साठीत असलेला माणूस सरासरीने कमी शिकलेला आहे. ‘कमी शिकलेले जास्त ओढतात’ असं दिसलं तर ते शिक्षणामुळे की वयामुळे, हे ३० ते ४४ या एकाच वयोगटात शिक्षणाचे गट लावून बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय सत्तरीतले कमी ओढतात यावर भुलू नका. त्यांच्यातल्या भरपूर ओढणाऱ्यांना दम्याने किंवा हृदयविकाराने आधीच थांबवलेलं असतं, आणि काही जण उत्तर द्यायला उरलेलेच नसतात. ‘पूर्वी सर्वांत जास्त किती ओढायचा?’ हा एक प्रश्न घाला.

आमचे मालक यंत्रमागावर कामाला आहेत. दिवसपाळीच्या आठवड्यात रोज एक बंडल पुरतं, रातपाळीला दुसरं फोडावं लागतं. घरात कधी ओढत नाहीत. रातपाळीचा आणि विडीचा काय संबंध? — गृहिणी, इचलकरंजी

संबंध आहे, आणि तो त्यांच्या स्वभावात कमी, पाळीच्या घड्याळात जास्त आहे.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. झोपलेल्या माणसाला ते कळत नाही, जाग्या माणसाला तलफ येते. दिवसपाळीचा माणूस रात्रीचे सात-आठ तास विडीशिवाय झोपेत काढतो. रातपाळीचा माणूस दिवसा तुटक झोपतो, म्हणून त्याचे जागे तासच वाढतात. त्यात पहाटे दोन ते चारला डोळे मिटायला लागतात. निकोटिन तेवढ्यापुरतं जागं करतं, चहा जागं करतो आणि दोन्ही एकाच टपरीवर मिळतात. शेडमध्ये कापसाची तूस उडत असते, तिथे काडी ओढायची सोय नाही. म्हणून बाहेर जायला मिळालं की माणूस एक ओढून थांबत नाही. पुढची सुटका कधी होईल सांगता येत नाही, म्हणून लगोलग दुसरी पेटवतो. जादाचं बंडल बरंचसं या दुसऱ्या विडीत जातं.

विडीची स्वतःचीही एक खोड आहे. तेंदूच्या पानातून सिगारेटच्या कागदासारखी हवा खेळत नाही, त्यामुळे मिनिटभर हातात धरली की विझते. ती जिवंत ठेवायला झुरके भराभर आणि खोल मारावे लागतात. आत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, पण म्हणून विडी सौम्य ठरत नाही.

करायचं काय? एकदम ‘सोडा’ म्हणू नका. रातपाळीला बंडल बरोबर न देता लहान डबीत मोजून विड्या द्या. त्यांचा नेहमीचा रातपाळीचा आकडा १८ असेल तर पहिल्या आठवड्यात १४. कमी करायची ती जोडीतली दुसरी, पहिलीला हात लावू नका. पुढच्या रातपाळीला पाळी सुटल्यावरची विडी काढा. सकाळी सातला ओढून लगेच अंथरुणावर पडलं की झोप लवकर लागत नाही, झोप अपुरी झाली की पुढची रात्र जड जाते आणि पुन्हा विडी वाढते. हा फेरा तिथेच तुटतो. तोंडात काहीतरी हवं असतं. फुटाणे, बडीशेप, लवंग चालेल. मावा नको. एक जाऊन दुसरं येण्याचं सगळ्यांत मोठं दार तेच.

आणि घरात ओढत नाहीत ही गोष्ट साधी समजू नका. ज्या घरात धूर चालत नाही तिथले लोक कमी ओढतात आणि सोडण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं. घरी भांडण लागलं की माणूस आधी उंबऱ्याबाहेर जातो, मग टपरीवर, आणि तिथे हिशेब उरत नाही.

सरकार दर वर्षी सिगारेट महाग करतं. ओढणारा गरीबच मरतो, श्रीमंताला फरक पडत नाही. हा न्याय कुठला? — निवृत्त शिक्षक, कागल

आधी तुमचं वाक्य थोडं सरळ करू. महाग होते ती सिगारेट, आणि गरीब माणूस ओढतो ती मुख्यतः विडी. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात देशभरातला रोज सिगारेट ओढणारा दिवसाला सरासरी ६.८ ओढत होता आणि महिन्याला ११९२ रुपये घालवत होता. रोज विडी ओढणारा १५.१ ओढत होता, खर्च २८४ रुपये. भागाकार केला तर एक विडी साधारण ६३ पैशांना आणि एक सिगारेट पावणेसहाच्या आसपास पडत होती. नऊपटींचा फरक. विडीवाल्याची संख्या दुपटीहून जास्त का, याचं अर्धं उत्तर या भागाकारातच आहे. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर कराच्या वर उपकर बसला, विडीवर बसला नाही.

किंमत वाढली की गरीब माणूस श्रीमंतापेक्षा जास्त कमी करतो, हे बऱ्याच देशांत दिसलं आहे. पैसे वाचतात, फुप्फुसही. अडचण येते ती एकच वस्तू महाग केल्यावर. सिगारेट महाग झाली की माणूस विडीवर येतो, विडी महाग झाली की तंबाखूवर. सगळ्यांचे भाव एकत्र चढले तर हा पळण्याचा रस्ता बंद होतो. तसं होत नाही, कारण विडीमागे पानं गोळा करणारे आणि वळणाऱ्या बायका आहेत. कागलकरांना हे आम्ही सांगायला नको. हाकेच्या अंतरावर निपाणी आहे, तिथला तंबाखू विडीचाच, आणि तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी केलेलं १९८१ चं आंदोलन तुमच्या डोळ्यांसमोरचं. तुम्ही म्हणता तो अन्याय आहे, पण तो किमतीत नाही. वळणारीला दुसरं काम न देता तिच्या पोटाचं नाव पुढे करून विडी स्वस्त ठेवण्यात आहे.

बायका ओढत नाहीत, मग त्यांची गणती कशाला? — गडहिंग्लज

ओढत नाहीत, लावतात. भाजलेल्या तंबाखूची मिसरी सकाळी दातांना आणि हिरड्यांना लावणं हा तंबाखूच आहे आणि त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या बायकांत ओढणाऱ्या १.४ टक्के, पण धूर नसलेला तंबाखू घेणाऱ्या १६.६ टक्के होत्या. डॉक्टरने ‘धूम्रपान करता का?’ विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ येतं आणि कागदावर ती बाई तंबाखूमुक्त होते. ‘दात कशाने घासता?’ असं विचारा.

मी दिवसाला दोन-तीनच ओढतो, तेही ऑफिसच्या चहाला. पाकीट कधी विकत घेत नाही. यात खरंच धोका आहे? वय २७. — गोकुळ शिरगाव

आहे, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. दिवसाला २० ओढणाऱ्याच्या तुलनेत एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका विसाव्या हिश्शावर यायला हवा, असं मन सांगतं. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आलेल्या निष्कर्षाप्रमाणे वीसवाल्याचा जो वाढीव धोका असतो, त्याचा जवळपास निम्मा एकवाल्यालाही असतो. कर्करोगाचं गणित संख्येच्या जवळ जातं, हृदयाचं जात नाही.

पाकीट न घेणं ही मर्यादा वाटते, पण सुटी सिगारेट हीच सुरुवातीची शिडी आहे. राज्यात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि विडी विकायला बंदी आहे. टपरीच्या खांबाला लोंबणारा लायटर पाहिलात तर ती किती पाळली जाते ते कळेल. तुमचा आकडा तुमच्या तलफेवर नाही, चहाच्या फेऱ्यांवर ठरतो आहे. नोकरी बदलली, फेऱ्या वाढल्या, बढती होऊन स्वतःची वेळ स्वतःच्या हातात आली की आकडा वर जातो. सध्या तुम्हाला औषध लागत नाही. दोन आठवडे चहा जागेवर मागवा, खाली उतरू नका. तेवढ्यात जी चिडचिड होईल ती तीन दिवसांत शिखरावर जाऊन ओसरते. ती झालीच नाही तर फारच उत्तम.

आमच्या फाउंड्रीत ८० कामगार आहेत. पाळीत सहा-सात वेळा लोक बाहेर जातात. दंड लावला, उपयोग नाही. काय करावं? — व्यवस्थापक, शिरोली

कायद्याचं आधी. २००८ च्या नियमांप्रमाणे कामाची जागा ही धूम्रपानबंदीची जागा आहे. दाराशी कमीत कमी ६० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फलक हवा, त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव हवं. आत ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचा नाही. आत ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होतो आणि फलकावर नाव असलेल्या जबाबदार माणसावरही तो येऊ शकतो. वेगळी ‘स्मोकिंग रूम’ करायची मुभा विमानतळ, ३० किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं आणि ३० किंवा जास्त खुर्च्यांची उपाहारगृहं यांनाच. कारखान्याला नाही.

आता कामाचं. दंड का चालत नाही, तर तुमच्या कारखान्यात विडी हे सुट्टीचं तिकीट झालेलं आहे. ओतकाम झालं की साचे थंड होईपर्यंत हात मोकळे असतात. विडीवाला ‘जरा येतो’ म्हणून दहा मिनिटं सावलीत जातो. न ओढणारा पोरगा वाळू चाळत उभा राहतो. सहा महिन्यांत तोही ओढायला शिकतो, कारण बसायला मिळण्याचा तोच मान्य मार्ग आहे. नव्या कंत्राटी पोरांवर लक्ष ठेवा, तिथे हे उघड दिसेल.

म्हणून पहिलं काम, विश्रांती सगळ्यांना सारखी करा. भट्टीच्या वेळापत्रकाला जोडून दहा-दहा मिनिटांच्या तीन ठरलेल्या सुट्ट्या, ओढणारा असो नसो. बसायला पंखा आणि गार पाणी, तेही गेटच्या आत. दुसरं, चहा आत आणा. चहा टपरीवर राहिला तर विडीही तिथेच राहते. तिसरं, सुरुवात सुपरवायझरपासून करा. जॉबर (मुकादम) आत ओढत असताना हेल्परला दंड लावला की विषय संपला. दंडाची रक्कम पगारातून कापू नका, राग विडीवर न जाता तुमच्यावर जातो. आधी आठवडाभर कोण कधी बाहेर जातो ते नुसतं टिपा, कोणालाही न बोलता. बहुतेक फेऱ्या दोन-तीन ठरावीक वेळांना गोळा झालेल्या दिसतील, सुट्ट्या तिथेच ठेवा. फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणं) आणि वाळूच्या विभागातल्यांची फुप्फुसं वर्षातून एकदा तपासून घ्या. वाळूतल्या सिलिकाची धूळ आणि विडीचा धूर एकत्र आले की नुकसान एकट्याएकट्यापेक्षा जास्त होतं.

वय ५८. वीसवरून दहावर आलो, पण धाप तीच आहे. नातू झाल्यावर सोडायचं मनात आहे. आता सोडून काही उपयोग? — जयसिंगपूर

दहावर आल्यावर शरीराने काय केलं असेल ते सांगतो. निकोटिनची पातळी राखायला प्रत्येक सिगारेट तुम्ही जास्त खोल आणि थोटकापर्यंत ओढू लागलात. संख्या निम्मी झाली, धूर निम्मा झाला नाही. कमी करणं ही सोडण्याकडची पायरी म्हणून चांगली, पण तिथेच मुक्काम केला तर हाती थोडंच लागतं. धाप मात्र आधी स्पायरोमेट्रीने (नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजतात ती तपासणी) तपासून घ्या, ती नुसती सिगारेटची आहे असं धरून चालू नका.

उपयोग आहे. ब्रिटनमधल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं नजर ठेवली गेली. तिशीत सोडणाऱ्याला सुमारे १० वर्षं जास्त मिळाली, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, साठीत ३. तुम्ही या शेवटच्या दोन आकड्यांच्या मध्ये आहात.

सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता, हे घड्याळ लावून बघा. दिवसाच्या आकड्यापेक्षा तेच जास्त बोलतं. अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटिनचा च्युइंगम ४ मिलिग्रॅमचा लागतो, नंतर असेल तर २ मिलिग्रॅमचा पुरतो. चार मिलिग्रॅमचा डॉक्टरच्या चिठ्ठीने घ्या. तो च्युइंगमसारखा चघळला तर उचकी लागते, घसा जळतो आणि लोक ‘मला चालत नाही’ म्हणून फेकतात. दहा-पंधरा वेळा सावकाश चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावा, जागा बदला. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. गेल्या दोन आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा तोंडात पांढरा चट्टा असेल तर आधी डॉक्टर. वजन वर्षभरात चार-पाच किलो वाढू शकतं, त्याची तयारी ठेवा. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो.

नवऱ्याने सोडली तर जाऊबाईंचे यजमानही सोडतील का? दोघे भाऊ एकाच अंगणात राहतात, एकमेकांचं बघूनच ओढतात. — हुपरी

सोडण्याची शक्यता वाढते, हमी नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९७१ ते २००३ अशी ३२ वर्षं १२,०६७ लोकांच्या नात्यागोत्यासकट नोंदी पाहिल्या गेल्या. भावंडाने सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता २५ टक्क्यांनी कमी झाली, मित्राने सोडली की ३६, आणि नवराबायकोतल्या एकाने सोडली की दुसऱ्याची ६७ टक्क्यांनी. एकाच अंगणातल्या भावांचं नातं मित्रांच्याही जवळ जातं, कारण काडेपेटी एकच असते. दोघांनी एकाच तारखेला सुरुवात केली तर बरं. एकाने सोडून दुसरा पायरीवर बसून ओढत राहिला तर सोडलेलाच पुन्हा घसरतो.